टोकाच्या घरचं विरजण

फलटणला रत्नाबाई भोईटे राहतात त्या गल्लीत इंग्रजी विरजणानं लावतात. गल्लीच्या टोकाला पिवळ्या दाराचं एक घर आहे. तिथून वाटीभर विरजण आणायचं, संध्याकाळी कोमट दुधाला लावून ठेवायचं, आणि सकाळी जे काही लागलं असेल ते चूळ भरून झाल्यावर उभ्याउभ्या पिऊन टाकायचं. चव जराशी आंबट, मागून थोडी कडू. दिवेलागणीपर्यंत पुरते, मग ओसरते, आणि माणूस पुन्हा आपल्या भाषेवर येतो.

सगळ्यांची सारखी लागत नाही. शेजारच्या शेंडेवहिनींचं दूध नेहमी जास्त तापलेलं असायचं, त्यामुळे त्यांची इंग्रजी पातळ व्हायची आणि दिवसभर तोंडातून नुसतं थँक्यू-सॉरी गळत राहायचं. बँकेतल्या साहेबांची इतकी घट्ट लागायची की समोरच्याला ती गिळता येत नसे. पण चिडवायचं कुणी कुणाला? प्रत्येकाच्या ओट्यावर वाटी होतीच.

ते घर मुळात ज्यांचं होतं ती माणसं कधीच निघून गेली. जाताना सामानसुमान सगळं नेलं, विरजण तेवढं मागे राहिलं. त्यांच्या वेळी म्हणे त्या घरावरचं ऊन कधी उतरत नसे. आता बाकीच्या गल्लीसारखीच तिथंही संध्याकाळ होते, पण विरजण काही संपलेलं नाही. जगातल्या प्रत्येक गल्लीच्या टोकाला असं एक घर असतं आणि आतून ती सगळी एकच असतात, असंही लोक म्हणत. रत्नाबाईंना हे ऐकून माहीत होतं. साठी आली तरी त्या दाराशी जायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

आली ती सुनेमुळे. त्यांचा मुलगा संग्राम साखर कारखान्यातला इंजिनिअर. काही वर्षं इथिओपियातल्या एका कारखान्यावर होता आणि परत आला तो हिरूतशी लग्न करूनच. पोरगी उंच, सावळी, हसताना तोंडावर हात धरणारी. रत्नाबाईंना ती पाहताक्षणी आवडली, पण आवडली हे सांगायचं कसं? संग्रामशी ती इंग्रजीत बोलायची. तिला मराठी येत नव्हतं, यांना ना तिची अम्हारिक येत होती ना इंग्रजी. गळीत हंगाम सुरू झाला आणि संग्राम घरचा राहिला नाही. मग दोघी दिवसभर स्वयंपाकघरात बोटांनी बोलायच्या. हिनं लाटण्याकडे बोट दाखवावं, त्यांनी पोळपाट द्यावा.

एके दिवशी हिरूत परसदारी पायरीवर बसून रडताना दिसली. रत्नाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या, पाठीवरून हात फिरवला, पदरानं तिचे डोळे पुसले. पण आपली सून रडते आणि आपल्याला साधं का रडतेस म्हणून विचारता येत नाही, याचा त्यांना भयंकर राग आला. दुपारीच त्या चपला घालून गल्लीच्या टोकाला गेल्या.

दार एका ठेंगण्या बाईनं उघडलं. काही न विचारता तिनं झाकणाची स्टीलची वाटी पुढे केली.

"दूध फार तापवू नका," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाबाईंनी घट्ट लागलेली इंग्रजी प्यायली, पदरानं ओठ पुसले आणि हिरूतला पहिलाच प्रश्न विचारला, "काल का रडत होतीस?"

हिरूतनं चकित होऊन तोंडावर हात धरला. मग म्हणाली, "काही नाही. इथले कावळे अगदी आमच्याकडच्या कावळ्यांसारखे ओरडतात."

त्या दिवशी दोघींनी पोळ्या करपवल्या, इतक्या बोलल्या. हिरूतला किती भाऊ, रत्नाबाईंचं लग्न कसं ठरलं, संग्राम लहानपणी माती खायचा की नाही, सगळं निघालं. दिनकरराव, म्हणजे रत्नाबाईंचे यजमान, दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण आपल्याबद्दल चाललंय एवढं कळत होतं.

आता रोजची ये-जा सुरू झाली. विरजण मिळायचं ते त्या घरच्याच वाटीतून. दुसऱ्या दिवशी ती वाटी परत करायची आणि नव्या वाटीतून नवं आणायचं. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही हे रत्नाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी साखर घालून नेली.

दार उघडणारी बाई आज वेगळीच होती, लांब वेणीची. तिनं झाकण उघडून पाहिलं. "साखर नको. आमच्याकडची साखर तुमच्याकडूनच आलेली आहे."

पुढच्या दिवशी शेंगदाणे नेले. "हे बाजारातलं झालं," तिसरीच एक बाई म्हणाली. "तुमचं स्वतःचं काही आणा. वापरात नसलेलं चालेल."

वापरात नसलेलं घरात पुष्कळ असतं, पण वाटीत मावेल असं काय असतं? रत्नाबाई बराच वेळ विचार करत बसल्या आणि शेवटी त्यांनी कोंबड्यांना बोलवायची हाक वाटीत घातली. कोंबड्या विकून कैक वर्षं झाली होती. हाक वाटीत अलगद बसली, झाकण लावल्यावर जराशी फडफडली. पिवळ्या दारातल्या बाईनं ती कानाशी धरून ऐकली आणि मान डोलावली.

मग रत्नाबाई रोज काही ना काही नेऊ लागल्या. थोरल्या जावेला पाठीमागे ठेवलेलं नाव नेलं, विहिरीवर पाणी शेंदताना म्हणायचं गाणं नेलं. एकदा काहीच सुचेना तेव्हा नवऱ्याला रागवायचे ठेवणीतले शब्द नेले. दिनकररावांना ते चार दिवसांत जाणवलं. त्यांनी मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकून पाहिला. रत्नाबाईंनी तोंड उघडलं, आत थोडं शोधलं, आणि टॉवेल उचलून दोरीवर वाळत घातला. दिनकरराव त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

या सगळ्याचं त्या घरात करतात तरी काय, हे कुतूहल रत्नाबाईंना स्वस्थ बसू देईना. एकदा दार उघडं दिसलं तेव्हा त्यांनी सरळ आत डोकावलं. लांबच लांब स्वयंपाकघर होतं, शेवट दिसत नव्हता. दोन्ही बाजूंना फडताळं, आणि फडताळांत एकाच घडणीच्या झाकणाच्या वाट्या. काही गप्प होत्या, काही आतल्या आत गुणगुणत होत्या.

"एवढ्याचं करता काय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"विरजणात घालतो," बाई म्हणाली. "नाहीतर ते केव्हाच उतरून गेलं असतं."

"तुम्ही मूळच्या इथल्याच का?"

"नाही. मी विरजणाला आले होते."

"कुठून?"

बाईनं गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. "तिकडून कुठूनतरी," ती म्हणाली आणि वाटी भरायला आत गेली.

पुढे हिरूतला दिवस गेले. ही बातमी तिनं सगळ्यात आधी सासूला सांगितली, संग्रामलासुद्धा नंतर. रत्नाबाईंना आनंद आवरेना. त्यांनी तिची दृष्ट काढली, तिला खुर्चीत बसवलं आणि सकाळच्या घट्ट इंग्रजीत भराभर सांगून टाकलं, "पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. आमच्यात तशी पद्धतच आहे. तुझ्या आईला बोलावून घे. डोहाळजेवण करू आणि आठवा लागायच्या आत त्या तुला घेऊन जातील."

हिरूतचा चेहरा असा उजळला की रत्नाबाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं. मग दिवेलागणीला, भांडी विसळताना, माहेर कुठं आहे ते त्यांच्या लक्षात आलं. ते काही पुढच्या तालुक्यात नव्हतं. तिथं हिची आई होती, भाऊ होते, भाषा होती. बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या पोरीला तिथून उठून इथं परत यायचं काय कारण? बोललेलं मागे घ्यावं म्हणून त्या ओले हात घेऊनच हिरूतच्या खोलीत गेल्या, पण ज्या भाषेत बोलल्या होत्या ती तोवर ओसरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हिरूतनं आईला फोन करूनही टाकला होता.

त्या विचारात असतानाच रत्नाबाईंच्या हातून चूक झाली. पिवळ्या दाराशी पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण वाटीत काहीच घातलेलं नाही. उभ्या जन्मात त्यांनी कुणाची वाटी रिकामी परत केली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या आणते काहीतरी, आज राहू द्या," वाटी पुढे करत त्या कशाबशा म्हणाल्या. "येते हं."

बाईनं पटकन झाकण लावलं. वाटीत काहीतरी पडल्याचा आवाज रत्नाबाईंनीही ऐकला.

"चालेल," बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाजीला निघताना त्या उंबऱ्यावरून म्हणाल्या, "जाते मी."

दिनकररावांनी पेपर खाली ठेवला. "अगं, जाते काय म्हणतेस? येते म्हण."

रत्नाबाईंनी पुन्हा प्रयत्न केला. जीभ टाळूला लागली, ओठ हलले, आणि बाहेर आलं ते "जाते."

"घरातून निघताना असलं अभद्र बोलू नये," दिनकरराव म्हणाले. ते घाबरले होते, म्हणून आवाज चढला होता.

भाजी घेऊन परत यायला रत्नाबाईंना फार वेळ लागला. घर सापडलं, पण उंबरा थोडा उंच झाला होता आणि दिनकरराव दाराशी चिंतेत उभे होते. देवळातून येतानाही तसंच. बहिणीकडे गेल्या तर परतीच्या रस्त्यात नेहमीचा पूल आलाच नाही, विचारत विचारत यावं लागलं. पिवळ्या दाराशी मात्र निघताना आपोआप, गोड आवाजात तोंडातून यायचं, "येते हं." आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच त्या तिथं असायच्या.

ते घरही त्यांच्याकडे यायला लागलं. आधी ते पानपट्टीपर्यंत आलं, मग पिठाच्या गिरणीशेजारी. एका सकाळी रत्नाबाईंनी पाहिलं तर पिवळं दार शेंडेवहिनींच्या जागी होतं आणि शेंडेवहिनी गल्लीच्या टोकाला राहायला गेल्या होत्या. "इकडे हवा चांगली आहे," त्या म्हणाल्या. रत्नाबाईंना एका अंगानं बरंच वाटलं. वाटी घेऊन फार चालावं लागत नव्हतं.

मग हिरूतची आई आली. आल्माझबाई अंगानं भारदस्त, पांढऱ्याशुभ्र सुती उपरण्यात, आणि डोळ्यांत मिश्कीलपणा. रत्नाबाईंनी विहिणीचा सगळा मान केला. पाय धुवायला पाणी दिलं, साडी नेसवली, नारळानं ओटी भरली. आल्माझबाईंनी ओटीतला नारळ हलवून आत पाणी आहे का ते पाहिलं. सकाळी दोघी विहिणींनी ओट्याशी उभं राहून एकाच पातेल्यातली इंग्रजी प्यायली.

"आमच्याही गल्लीच्या टोकाला हेच घर आहे," आल्माझबाई म्हणाल्या. "दार वेगळ्या रंगाचं आहे."

"मग तुम्ही वाटीतून काय परत देता?"

"मी वाटी परतच करत नाही. घरात अठ्ठावीस माणसं जेवतील एवढ्या वाट्या झाल्या आहेत."

हे असंही करता येतं, हे रत्नाबाईंच्या मनातही आलं नव्हतं. आलं असतं तरी त्यांच्यानं ते झालं नसतं.

डोहाळजेवण झालं. निघायच्या आदल्या दिवशी रत्नाबाईंनी हिरूतला जवळ बसवलं. "ऐक," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्याकडे घरातून निघताना जाते म्हणत नाहीत. येते म्हणतात."

"पण मी तर जाणार आहे."

"तरीसुद्धा. तसं म्हणून गेलेलं माणूस परत येतं. तू म्हटलंस तर मला झोप लागेल."

"तुम्ही मराठीत म्हणून दाखवा, आई. मी तसंच म्हणेन."

रत्नाबाईंनी तोंड उघडलं. "जाते," त्या म्हणाल्या.

"जाते," हिरूत म्हणाली, अगदी त्यांच्यासारखं, शेवटी थोडा हेल काढून.

दिनकररावांनी मध्ये पडून शिकवून पाहिलं. पण हिरूत मराठी उचलायची ती रत्नाबाईंच्या ओठांवरून, दुसऱ्या कुणाचं तिच्या तोंडात बसत नसे. तिनं सासऱ्यांचं सगळं ऐकून घेतलं, हसली, आणि सासूच्या ओठांकडे बघत पुन्हा म्हणाली, "जाते." रत्नाबाई उठून परसदारी गेल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. पोर आपल्याच तोंडानं आपण घालवतो आहोत, असं त्यांना वाटलं.

निघायच्या दिवशी सकाळी पिवळं दार स्वयंपाकघरात होतं, डब्यांच्या फडताळाच्या जागी.

"अगं, चहाचा डबा कुठाय?" दिनकररावांनी विचारलं.

"बघते," म्हणत रत्नाबाई दार ढकलून आत शिरल्या. त्या दिवशीची इंग्रजी त्यांनी प्यायलेली नव्हती. आदल्या रात्री रडण्याच्या भरात लावायचीच राहिली होती.

आत जी बाई होती तिला त्यांनी आधी पाहिलं होतं. विरजणाला आले होते म्हणाली होती तीच. पहिल्या दिवसासारखंच आजही तिथं इंग्रजीवाचून बोलणं कळत होतं.

"माझं एक बोलणं चुकून तुमच्या वाटीत राहिलंय," रत्नाबाई म्हणाल्या. "ते परत हवंय. सून निघालीय माझी."

"अजून विरजणात घातलं नसेल तर त्या फडताळात असेल," बाई म्हणाली. "दारातून निघताना म्हणायचं सगळं तिथं आहे. तुमचं तुम्ही ओळखा."

ते फडताळ सगळ्यात मोठं होतं. रत्नाबाईंनी एकेक झाकण उचलून कानाशी धरलं. एका वाटीत कुणी म्हातारा काठी टेकत काही पुटपुटत होता. एकीत एक मुलगी घाईघाईनं जिना उतरत होती आणि उतरता उतरता आईला ओरडून सांगत होती. एकीत बोट किनाऱ्यापासून सुटत होती. भाषा एकही कळत नव्हती, पण प्रत्येकजण दाराकडे तोंड करून परत येईन म्हणत होता, हे कळत होतं. एवढी माणसं आपलं येणं इथं ठेवून गेली, मग ती आपापल्या घरी कशी परतली असतील? रत्नाबाईंच्या अंगावर काटा आला, तरी त्या पुढचं झाकण उचलतच राहिल्या, कारण प्रत्येक वाटीत कोण असेल ते बघावंसंही वाटत होतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्याच वेळी हातातल्या वाटीत त्यांना दाराची कडी वाजल्यासारखी वाटली, आपल्या दाराची वाजते तशी, आणि मागोमाग एका बाईचा हळू आवाज. आवाज आपलाच आहे का? आपला आवाज बाहेरून कसा लागतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी झाकण लावलं आणि वाटी पदराखाली धरली.

"काय म्हणून निघताय?" दाराशी बाईनं विचारलं.

रत्नाबाईंच्या ओठांवर ते आलंच होतं. या दारात ते नेहमीच यायचं. त्यांनी दात आवळून ते मागे ढकललं. इथं पुन्हा यायचं नाही म्हणजे उद्यापासून हिरूतशी फोनवरसुद्धा बोलायचं नाही, बाळ झाल्याचं कळलं तरी काही विचारायचं नाही.

"जाते," त्या म्हणाल्या.

बाईनं दार उघडून धरलं. "मला कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली, "की इथून निघताना असंही म्हणता येतं."

दार मागे लागलं. रत्नाबाईंनी वळून पाहिलं तेव्हा तिथं फडताळ होतं, डब्यांच्या रांगा होत्या, चहाचा डबा पहिल्याच खणात होता.

वाटीतल्या आवाजाचं आता जेमतेम चमचाभर घट्ट दही झालं होतं. ते आपण खाल्लं असतं तर बाजारातून, देवळातून, बहिणीकडून पहिल्यासारखं घरी येता आलं असतं. रत्नाबाईंना हे कळत होतं, आणि तरी त्या थेट दाराशी गेल्या. दिनकरराव गाडीत बॅगा लावत होते, संग्राम स्टिअरिंगला होता, आल्माझबाई पायरीवर उभ्या होत्या. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही द्यायचंच असतं, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. रत्नाबाईंनी वाटी हिरूतच्या तळहातावर पुरती निपटून काढली.

हिरूतनं दही खाल्लं, हात पुसला, वाकून सासूच्या पाया पडली. मग उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, मागे वळली आणि म्हणाली.

ते मराठी नव्हतं. इंग्रजीचा आवाज रत्नाबाईंच्या ओळखीचा होता, ते तेही नव्हतं. आल्माझबाईंनी चमकून लेकीकडे पाहिलं, म्हणजे त्यांच्याकडचंही नव्हतं. वाटी भलत्याच कुणाची निघाली होती. शब्द लांब होते, शेवटी खाली उतरणारे, आणि हिरूत ते असे म्हणाली जसे जन्मभर त्याच दारातून निघताना म्हणत आली असावी.

निघणाऱ्यानं येते म्हटलं की मागे राहणाऱ्यानं ये म्हणायचं असतं. त्याशिवाय ते पुरं होत नाही. रत्नाबाईंनी ओठ उघडले, पण या बोलीत ये कसं म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. हिरूत पायरीवर थांबून राहिली. संग्रामनं हॉर्न दिला. तरी ती हलेना, नुसती घराच्या आत बघत राहिली.

घरात कुणी नव्हतं. आणि आतून, डब्यांच्या फडताळामागून, विरजणाला आलेल्या त्या बाईच्या आवाजात हिरूतला त्याच बोलीत उत्तर आलं. हिरूतनं ते नीट ऐकून घेतलं, समाधानानं मान हलवली आणि गाडीत जाऊन बसली.